इहराममधील हत्याबंदी आणि आपले रोजचे वर्तन
(कापडे येथील विद्यार्थी-पालक मेळाव्यातील भाषण)



आपल्या महाड-पोलादपूर भागातील हाजी पूर्वी मुंबईहून आगबोटीने जात. १९९५ साली तो जलमार्ग बंद झाला आणि आता सारे विमानाने जातात. प्रवास बदलला, इहरामचे नियम मात्र बदलले नाहीत. इहराम बांधलेल्या माणसाने शिकार करायची नाही, असा कुरआन शरीफमध्ये सूरह माइदाच्या ९५व्या आयतीत स्पष्ट हुकूम आहे. कोणी जाणूनबुजून जनावर मारलेच, तर दोन न्यायी माणसे ठरवतील तसे त्याच्या बरोबरीचे जनावर द्यावे, नाहीतर गरिबांना जेवू घालावे अथवा रोजे ठेवावेत. बंदी अशी अक्षरशः पाळायची आणि मोडली तर भरपाईही करायची.

पण ही बंदी आंधळी नाही. पुढच्याच आयतीत समुद्रातील शिकारीला मुभा आहे. विंचू, उंदीर, चावरा कुत्रा अशा उपद्रवी जीवांना मारण्याची परवानगी हदीसमध्ये आहे. इहराममध्ये केस काढायचे नसतात. तरीही इ.स. ६२८ मध्ये हुदैबियाच्या वेळी हजरत कअब बिन उजरा यांच्या डोक्यात उवा झाल्या, तेव्हा पैगंबरसाहेबांनी (स.) त्यांना केस काढू दिले. त्याबदली ३ रोजे, ६ गरिबांना जेवण किंवा एक कुर्बानी सांगितली. नियम पाळावा, पण माणसाचा छळ होऊ नये, हा त्याचा अर्थ.

कोणी विचारील, आपण मांस खाणारी माणसे, आपल्या तोंडी हत्याबंदीची भाषा कशाला? आपले जैन बांधव पाणी गाळून पितात, त्यांचे मुनी जीव चिरडू नये म्हणून पावसाळ्याचे चार महिने एका जागी राहतात. आपला मार्ग तो नाही. परंतु खाण्यासाठी मिळालेली परवानगी ही उगाच मारण्याची परवानगी नव्हे. मुंगी, मधमाशी, हुदहुद आणि खाटीक पक्षी यांना मारू नये, असे हदीसमध्ये आहे. मांजरीला कोंडून उपाशी मारणाऱ्या स्त्रीला शिक्षा झाल्याचेही त्यात आले आहे.

आता आपल्या गावांकडे पाहू. धामण बिनविषारी, शेतातले उंदीर खाऊन ती आपले धान्य राखते. तरी दिसली की काठी उचललीच! पहिल्या पावसात वलगणीचे मासे अंडी घालायला ओढ्याने वर चढतात. चार मासे कालवणाला घेतले तर कोणी दोष देणार नाही. पण डोहात विष टाकले की पिल्लांसकट सारे मरते, खाण्याजोगे थोडेच हाती लागते आणि पुढच्या वर्षी ओढा रिकामा राहतो. काठी उचलताना आपण इहराममध्ये आहोत असे क्षणभर समजा आणि विचारा, याची गरज आहे काय? उत्तर ‘नाही’ आले तर हात खाली घ्यावा.

विंचवाचे उदाहरण तर आपल्या घरचेच. लाल विंचवाने या भागात कितीतरी जीव घेतले. विंचू मारण्याची परवानगी होतीच, पण तेवढ्याने दंश झालेला माणूस वाचत नव्हता. डॉ. हिम्मतराव बावस्कर १९७६ साली बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आले. त्यांनी रुग्णांच्या उशाशी बसून अभ्यास केला. पुढे रक्तदाबावरचे प्राझोसिन हे औषध ते विंचूदंशावर वापरू लागले आणि मृत्यूंचे प्रमाण फार घटले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. एक जीव वाचवणे म्हणजे साऱ्या मानवजातीला वाचवणे, असे सूरह माइदाच्याच ३२व्या आयतीत म्हटले आहे. ‘मारू नका’ या हुकुमाची दुसरी बाजू ‘वाचवा’ ही आहे, आणि वाचवण्यासाठी इल्म लागते.

मुलांनो, म्हणून शिका. विषारी साप कोणता, बिनविषारी कोणता हे ओळखा. दंश झाला तर झाडफूक करणाऱ्याकडे वेळ न दवडता दवाखाना गाठा आणि घरच्यांनाही हे समजावून सांगा.