थेंबाथेंबाचा हिशेब

अपुऱ्या दिवसांचं, जेमतेम एक किलोचं बाळ. पहिल्या दिवशी त्याला सलाईनमधून साधारण ८० मिलिलिटर पाणी लागतं. चहाचा छोटा कपच म्हणा ना! तेही पंपानं, २४ तासांत. त्यात ग्लुकोज हवंच, नाहीतर रक्तातली साखर उतरते.

कातडी इतकी पातळ की तिच्यातूनच पाणी उडून जातं. कमी पडलं तर शरीर सुकतं, जास्त झालं तर फुप्फुसांवर ताण येतो. म्हणून सिस्टर ओला लंगोटसुद्धा वजन करून पाहतात: वाढलेला एक ग्रॅम म्हणजे एक मिलिलिटर लघवी. केवढी ही निगा!

पहिल्या दिवसांत वजन थोडं उतरतं. आयांनो, घाबरू नका. शरीरातलं जादा पाणी निघून जात असतं. मग नळीतून आईचं दूध सुरू होतं, आणि जसजसं ते वाढतं, तसतशी सलाईन कमी होते.