जुन्या गाडीतला वायरचा जोड
सोलापुरात पारा ४० अंशांवर गेला की बॉनेटखालच्या टेपचा गोंद पातळ होतो, टेप सुटते आणि जोड उघडा पडतो. असा जोड पुन्हा करायचा, तर जुनी जीप असो वा पद्मिनी, आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. सोललेलं तांबं काळं दिसलं, तर चकचकीत लागेपर्यंत मागे कापत जा. काळ्या तांब्यावर डाख, म्हणजे सोल्डर, धरतच नाही. उष्णतेनं आवळणारी स्लीव्ह आधीच वायरवर ओवून ठेवा. टोकांना घट्ट पीळ द्या, तांबं तापवा आणि त्यावर राळेची सोल्डर वितळू द्या. अ‍ॅसिडची पेस्ट मुळीच नको, ती तांबं खाते. मग स्लीव्ह गरम करून आवळा. जोडाजवळची वायर बांधाच. नाहीतर इंजिनाच्या थरथरीनं ती नेमकी डाखाच्या कडेला तुटते.