झोपलेल्या बाळाची श्रवणचाचणी



ऑडिओलॉजिस्टच्या शांत खोलीत एक तान्हं बाळ दूध पिऊन आईच्या मांडीवर गाढ झोपलं आहे. कपाळावर आणि कानांमागे इलेक्ट्रोड चिकटवलेले, कानात छोटा इअरफोन. त्यातून 'टक् टक् टक्' असा आवाज सुरू होतो. बाळाची पापणीही हलत नाही. पण संगणकाच्या पडद्यावर हळूहळू एक नागमोडी रेघ उमटू लागते. हीच 'बेरा' चाचणी.

आवाजाला प्रतिसाद म्हणून मेंदूत उमटणारा विद्युतसंकेत ही रेघ दाखवते. तो व्होल्टच्या दहा लाखाव्या भागाहूनही क्षीण असतो. म्हणून हजार-दोन हजार आवाज ऐकवून त्यांच्या प्रतिसादांची सरासरी काढतात. रेघेवरच्या उंचवट्यांना ज्युएट आणि विलिस्टन या संशोधकांनी १९७१ मध्ये रोमन क्रमांक दिले. पहिला उंचवटा श्रवणतंतूचा. पाचवा दिसतो तो संदेश मेंदूच्या बुंध्यातून, म्हणजे मस्तिष्कस्तंभातून, वर चढत मध्यमेंदूच्या उंबरठ्याशी पोचल्यावर. मोठ्या माणसात आवाज सुरू झाल्यापासून इथवरच्या प्रवासाला सहा मिलिसेकंदांच्या आसपास वेळ लागतो. बाळाला थोडा जास्त, कारण त्याच्या तंतूंवरचं मायलिनचं आवरण अजून पुरतं तयार झालेलं नसतं.

वाटेत संदेश नुसता पुढे ढकलला जात नाही. मस्तिष्कस्तंभातच दोन्ही कानांचे संदेश एकत्र येतात आणि कोणता आधी पोचला, हे तिथल्या पेशी ताडून पाहतात. सेकंदाच्या लाखाव्या भागाइतका फरकही माणसाला कळू शकतो. हाक डावीकडून आली की उजवीकडून, हे त्यावरूनच समजतं. आपल्याकडचं गव्हाणी घुबड याच जोरावर मिट्ट काळोखात उंदीर पकडतं. एरिक नुडसन आणि मासाकाझू कोनिशी या संशोधकांना १९७८ मध्ये या घुबडाच्या मध्यमेंदूत दिशांचा चक्क नकाशाच सापडला.

हे सगळं घडायला जागं असावं लागत नाही. म्हणूनच 'ऐकू येतंय का?' याचं उत्तर झोपलेलं बाळही देऊ शकतं.

आणि इथेच एक धोका लक्षात ठेवायला हवा. जन्मानंतरची कावीळ फार वाढली, तर बिलिरुबिन मस्तिष्कस्तंभातल्या श्रवणकेंद्रांना आणि श्रवणतंतूंना इजा करू शकतं. अशा बाळाचा कान ठणठणीत असतो. कानातून परतणारा सूक्ष्म ध्वनी मोजणारी ओएई चाचणी ते सहज पास होतं. पण बेराची रेघ सपाट येते किंवा विस्कटते. घरच्यांना मात्र वाटत राहतं, 'तपासणी झाली, आता काळजी नाही.'

त्यामुळे ज्या बाळाला तीव्र कावीळ झाली होती किंवा जे नवजात अतिदक्षता विभागात राहिलं होतं, त्याच्या पालकांनी केवळ ओएईवर थांबू नये. बेराबद्दल डॉक्टरांना आवर्जून विचारावं. पहिल्या महिन्यात प्राथमिक तपासणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत पक्कं निदान आणि सहाव्या महिन्यापर्यंत उपचारांना सुरुवात, हे वेळापत्रक प्रत्येक घरानं पाळावं. 'आमच्याकडे सगळेच उशिरा बोलतात' असं म्हणत वाट पाहू नका.