१४४पीवरचा फळा



२०२०च्या टाळेबंदीत माझी धाकटी बहीण अकरावीत होती. घरात एकच स्मार्टफोन, तोही मामाने वापरून दिलेला. एक जीबी रॅम, काच तडकलेली. कॉलेजचे व्हिडिओ अडकत अडकत चालायचे, म्हणून ती ते १४४पीवर लावायची. नवा धडा उतरवून घ्यायचा तर आधीचा पुसावा लागायचा.

१४४पीच्या चित्रात आडवे २५६ आणि उभे १४४ ठिपके असतात. १०८०पीच्या चित्रात त्याच्या ५६ पट. सरांचा आवाज कळायचा, फळा कळायचा नाही. एक्सच्या डोक्यावरचा २ आणि ३ तिला सारखाच पांढरा डाग दिसायचा. तिने वहीत घनाच्या जागी वर्ग लिहिले. चाचणीनंतर शिक्षक म्हणाले, "तुम्हा लोकांचं लक्षच नसतं."

‘तुम्हा लोकांचं’ म्हणताच फोनची उणीव जातीच्या खात्यावर जमा झाली. गुणवत्तेच्या गप्पा अशाच चालतात. एकाला फळा दिसतो, दुसऱ्याला डाग दिसतो, आणि पेपर मात्र दोघांना एकच.

‘असर’च्या २०२१च्या अहवालानुसार ग्रामीण भागातल्या ६७.६ टक्के शाळकरी मुलांच्या घरी स्मार्टफोन होता. २०१८मध्ये हे प्रमाण ३६.५ टक्के होतं. घरात फोन असूनही साधारण चौथा हिस्सा मुलांना तो वापरायला मिळत नव्हता, हेही त्यात आहे. आम्हाला विचारलं असतं तर आम्ही दोन्हींना ‘हो’ म्हणालो असतो. फोन आहे, मिळतोही. पण त्यावर फळा वाचता येतो का, हे त्या ‘हो’मध्ये कळत नाही. संशोधक म्हणून प्रश्नावली बनवताना मी आता फोन किती जुना आहे, हेही विचारते.

हा प्रश्न आपल्या चळवळीलाही आहे. आपण तीन-तीन तासांची व्याख्यानं लाइव्ह दाखवतो, बारीक अक्षरांच्या स्लाइड लावतो. वस्तीतल्या जुन्या फोनवर त्यातलं काय पोहोचतं? स्लाइडवर लिहिलेलं तोंडाने वाचून दाखवा. व्हिडिओसोबत नुसता ऑडिओ द्या, भाषणाचा मजकूर द्या. मजकूर कुठल्याही फोनवर उघडतो.

बहिणीने शेवटी मैत्रिणीच्या वहीवरून एकेक घातांक दुरुस्त केला. तिचं लक्ष होतंच.

मी आज एकही स्लाइड आणलेली नाही. भाषण लिहून आणलंय, ते आयोजकांकडे देऊन जाते. जय भीम.