परदेशी सेवेस निघण्यापूर्वी

(महोत्सवानिमित्त भरलेल्या सभेतील भाषण)



आपल्या बुलढाणा जिल्ह्यातील मुलेमुली वैद्यकीय महाविद्यालयांत शिकत आहेत, ही या महोत्सवी वर्षी आम्हांस मोठ्या समाधानाची गोष्ट वाटते. त्यांपैकी कोणी सुटीचे तीनचार आठवडे आफ्रिकेतील एखाद्या मिशन रुग्णालयात सेवा करण्याचे मनात आणतो, तेव्हा त्याच्या हेतूविषयी आम्हांस शंका नसते. शंका असते ती तयारीविषयी.

सप्टेंबर १९३८ मध्ये पाच भारतीय डॉक्टर मुंबईहून चीनला निघाले. त्यांत नागपूरचे डॉ. चोळकर होते आणि सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते. कोटणीस शिकूनसवरून तयार झालेले वैद्य. तरीही तेथे गेल्यावर ते चिनी भाषा शिकले व पुढे तीतूनच विद्यार्थ्यांस शिकवू लागले. ९ डिसेंबर १९४२ रोजी तेथेच ते निवर्तले. त्यांना शिकावयास चार वर्षे मिळाली. चार आठवड्यांच्या पाहुण्यास ती सवड कोठून असणार? त्याने घरीच शिकून निघाले पाहिजे.

आज खामगाव किंवा मलकापूर येथे बसूनही आंतरजालावरील पाठांनी हे साधते. सिकलसेलचेच पाहा. हा रक्तरोग आपल्या सातपुड्याच्या आदिवासी बांधवांत आढळतो, आणि आफ्रिकेतही पुष्कळ आढळतो. परंतु आपल्याकडील रुग्णांच्या रक्तात गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन बहुधा अधिक राहते व त्यामुळे रोग पुष्कळदा सौम्य असतो. आफ्रिकेतील अनेक रुग्णांत तो अधिक उग्र असतो. हा भेद ज्यास ठाऊक नाही, तो ओळखीचा रोग म्हणून निश्चिंत राहील आणि हानी मात्र रुग्णाची होईल.

अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठाने अशा प्रवासी विद्यार्थ्यांसाठी आंतरजालावर एक पाठ तयार केला. त्याच्या अखेरीस विद्यार्थ्याने रुग्णाच्या सुरक्षिततेची शपथ घ्यावयाची असते. ही शपथ आम्हांस पाठापेक्षाही मोलाची वाटते. जेथे डॉक्टर थोडे, तेथे विद्यार्थ्याच्या हाती सहज सुई किंवा शस्त्र दिले जाते. मायदेशी जे करण्याची आपणांस मुभा नाही, ते तेथेही करावयाचे नाही. "मला हे येत नाही" असे म्हणावयाचे. गरीब मनुष्याचे शरीर हे सरावाचे साधन नव्हे. (आणि त्याचे छायाचित्र घरी पाठविण्यापूर्वी त्याची संमती घेतली काय, हेही आईबापांनी विचारावे.)

अर्थात पडद्यावर सगळे येत नाही. रुग्णाचे पोट तपासणारा हात खाटेजवळ उभे राहूनच तयार होतो. संत मदर तेरेझा यांनी शाळेत कितीतरी वर्षे अध्यापन केले होते. १९४८ साली मठाबाहेर पडल्यावर त्या थेट झोपडपट्टीत गेल्या नाहीत. प्रथम पाटण्यास वैद्यकीय मिशनच्या धर्मभगिनींच्या रुग्णालयात जाऊन त्या शुश्रूषा शिकल्या. डिसेंबरात त्या कलकत्त्यास परतल्या, आणि मग कामास लागल्या.