शांत दिसणारं पाणी

काशिद किंवा गणपतीपुळ्याला पाण्यात उतरण्याआधी पाच मिनिटं नुसत्या लाटा बघा. दोन्हीकडे फेस आणि मधला पट्टा शांत दिसतोय? तिथे उतरू नका. लाटांनी आणलेलं पाणी बहुधा तिथूनच समुद्रात परत जातं.

त्या ओढीत सापडलात, तर सरळ किनाऱ्याकडे पोहू नका, दमाल. तरंगत राहा, हात वर करा. जमलं तर किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला सरका आणि मग बाहेर या. मित्र अडकला, तर मागोमाग उडी नको. जीवरक्षकाला बोलवा, तरंगणारं काहीतरी फेका. कयाकमध्ये लाईफ जॅकेटचे पट्टे घट्टच हवेत.

ओहोटीत ही ओढ वाढते. आणि ओहोटी रोज साधारण ५० मिनिटं उशिरा येते, म्हणून कालची वेळ आज धरू नका. गावातले कोळीदादा ‘आज नको’ म्हणाले, तर हुज्जत न घालता वाळूवर क्रिकेट खेळा!