लसींचे रक्षण : उष्णतेपासून, तसेच थंडीपासूनही



उन्हाळ्यात जळगाव-भुसावळ परिसरात पारा ४५ अंश सेल्सिअसपर्यंत व कधी त्याही वर चढतो. धुळ्याची स्थितीही फारशी निराळी नसते. अशा प्रदेशात लसीचा शत्रू म्हणून उन्हाचेच नाव घेतले जावे, हे स्वाभाविक आहे. परंतु लसीचा दुसरा शत्रू शीतपेटीच्या आतच असतो. तो म्हणजे बर्फ.

देशात १९७८ साली विस्तारित व १९८५ साली सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम सुरू झाला. कारखान्यापासून बालकापर्यंत लस योग्य तापमानात नेणाऱ्या व्यवस्थेस शीतसाखळी म्हणतात. सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या यावल, चोपडा, शिरपूरपासून साक्रीच्या डोंगराळ भागापर्यंत ती अखंड राहिली पाहिजे.

तोंडावाटे देण्याची पोलिओ लस उष्णतेने लवकर निकामी होते, मात्र गोठल्याने तिचे नुकसान होत नाही. त्रिगुणी, पंचगुणी, कावीळ-ब आणि धनुर्वात-घटसर्प या लसींचे याउलट आहे. त्यांतील ॲल्युमिनियमचे क्षार गोठताच त्यांचे कण एकत्र येतात व लसीची शक्ती नाहीशी होते. बर्फ वितळला तरी ती परत येत नाही. कुपीवरील उष्णतादर्शक खूण हा दोष दाखवीत नाही. बालकास सुई टोचली जाते, पत्रिकेवर नोंद होते, माता निश्चिंत होते. संरक्षण मात्र मिळालेले नसते.

म्हणून साधनांची निवड विचारपूर्वक व्हावी. घरगुती रेफ्रिजरेटरचे दार उघडताच जड थंड हवा बाहेर ओघळते. बर्फाच्या अस्तराचे रेफ्रिजरेटर वरून उघडते. त्यामुळे थंडावा आतच टिकतो. चोवीस तासांत आठ तास सलग वीज मिळाली, तरी ते २ ते ८ अंश तापमान राखू शकते. भारनियमन सोसलेल्या ग्रामीण भागास या गुणाचे मोल सांगावयास नको. उणे १५ ते उणे २५ अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये जिल्हा भांडारात पोलिओ लस साठवितात. प्राथमिक आरोग्य केंद्रात तो केवळ बर्फाच्या थैल्या तयार करण्यासाठी आहे. तेथे त्यात लस ठेवू नये.

यंत्र उन्हापासून दूर, भिंतीपासून किमान १० सेंटिमीटर अंतरावर, सपाट जागी व स्थिरदाबक जोडूनच ठेवावे. तापमानाची नोंद दिवसातून दोनदा, सुटीच्या दिवशीही, व्हावी. गोठण्याने बिघडणाऱ्या लसी तळाशी न ठेवता टोपलीत ठेवाव्यात. पिण्याचे पाणी वा इतर औषधे आत असू नयेत. वीज गेल्यास झाकण उघडू नये, आणि यंत्र बंद पडल्यास लस कोठे हलवावयाची हे आधीच ठरलेले असावे.

लसवाहक पेटी भरतानाही घाई करू नये. फ्रीझरमधून काढलेली थैली पृष्ठभागावर पाणी सुटेपर्यंत व हलविल्यावर आत पाण्याचा आवाज येईपर्यंत बाहेर ठेवावी, मगच ती पेटीत घालावी. ऊन कडक आहे म्हणून हा नियम टाळल्यास, उष्णतेपासून वाचविलेली लस बर्फाने गमावली जाते.

मार्च २०१४ मध्ये भारतासह आग्नेय आशिया विभाग पोलिओमुक्त घोषित झाला. त्या यशामागे दररोज तापमान पाहून नोंदवहीत लिहिणारे असंख्य कर्मचारी आहेत. त्या दोन आकड्यांवर खानदेशातील बालकांचे आरोग्य अवलंबून आहे, याचे भान प्रत्येक केंद्राने ठेवावे.